प्रश्न तुमचे : मुलांच्या गोष्टीत उत्कंठा कशी येते?

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. देवचाराच्या किंवा चकव्याच्या, म्हणजे भुताखेतांच्या, गोष्टी सांगू लागले की वर्ग चिडीचूप होतो. तीच मुले रहस्यकथा लिहायला बसली की मात्र पाच-सहा वाक्यांत गोष्ट संपते. एका मुलीची गोष्ट नमुन्यादाखल देते : ‘एकदा खूप काळोखी रात्र होती. मी खूप घाबरले. अचानक भूत आले. मी पळाले. मग मला जाग आली. ते स्वप्न होते.’ वर्णन वाढवा म्हटले की मुले ‘भयानक’, ‘भयंकर’, ‘घनदाट’ असे शब्द मध्ये घालतात, पण गोष्टीत जीव येत नाही. काय करावे?

उत्तर : या मुलीकडे कल्पना आहे, प्रसंग आहे आणि शेवटी सुटका करून घेण्याची हुशारीही आहे. तिच्या गोष्टीत वेळ मात्र कुठेच जात नाही. भूत येण्याआधीच ‘मी खूप घाबरले’ हे वाक्य येऊन गेले आहे, म्हणजे वाचकाने जे अनुभवायचे ते लेखिकेने स्वतःच उरकून टाकले आहे. वर्णन आणि उत्कंठा हे दोन वेगळे पाठ आहेत असे समजून आपण ते शिकवतो, तिथेच बहुधा गाडी अडते. मनात उभा राहिलेला प्रश्न लगेच सुटला नाही की उत्कंठा निर्माण होते, आणि प्रश्न व उत्तर यांच्यामधला तो वेळ ज्याने भरायचा ते वर्णन. विशेषणे वाढवून तो वेळ भरत नाही. गोष्टीतल्या माणसाच्या कानांना, नाकाला आणि तळपायांना जे आणि ज्या क्रमाने कळत जाते, ते तसेच्या तसे लिहिल्याने भरतो.

म्हणून ‘वर्णन वाढव’ असे सांगण्याऐवजी त्या मुलीला जवळ बसवून विचारावे, ‘पावसाळ्यात रात्री लाईट गेली की तुला सगळ्यात आधी काय कळतं?’ कोकणातल्या मुलाला याचे उत्तर आठवावे लागत नाही. पंखा थांबतो, पागोळ्यांचा आवाज एकदम मोठा वाटू लागतो, बेडूक ओरडत असतात, पायांखालची जमीन गार लागते. एवढे फळ्यावर लिहून झाले की एकच अट घालावी : ज्याची भीती वाटते आहे त्याचे नाव आणि ‘भीती’ हा शब्द, दोन्ही इतक्यात वापरायचे नाहीत. मग तीच गोष्ट साधारण अशी उतरू शकते :

‘लाईट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. मग स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्. मांजर असेल, असं मला वाटलं. पण मांजर तर माझ्या पायाशी झोपलं होतं. पुन्हा टक्. उंदीर असावा. पण उंदीर असा थांबून थांबून वाजत नाही. मी भिंतीला धरून उठले. भिंत ओलसर लागली. चुलीजवळ काहीतरी सरकलं.’

या उताऱ्यात ‘ओलसर’ हे एवढेच विशेषण आहे आणि ‘अचानक’ कुठेही नाही, तरीही वाचणारा चुलीकडे पाहत राहतो. घरात रात्री खुट्ट झाले की सगळेच आधी ‘मांजर असेल’ म्हणतात. ते नेहमीचे स्पष्टीकरण पुढे करायचे आणि लगेच खोडायचे, मग दुसरे पुढे करायचे आणि तेही खोडायचे. प्रत्येक खोडण्याबरोबर वाचकाचा आधार सुटत जातो, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे तंत्र एका तासात जमते, कारण त्यात शोधून काढण्याचा आनंद आहे. ‘असेल’, ‘असावा’ ही शंकेची रूपे मुले दिवसभर बोलतात. गोष्टीतही ती चालतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. नपुंसकलिंगाचेही तसेच. ‘तो सरकला’ किंवा ‘ती सरकली’ असे लिहिले की अर्धे गुपित फुटते. ‘काहीतरी सरकलं’ म्हटले की ते माणूस, जनावर की वस्तू, हेही कळत नाही. मराठीने मुलांच्या हाती आयते दिलेले हे साधन आहे, ते जरूर दाखवून द्यावे.

आता चुलीजवळ होते काय? माझ्या मनात कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आहेत. संध्याकाळी बाबांनी शेतातून पकडून आणल्या, आईने टोपात ठेवून वर झाकण घातले, आणि त्यातली एक नांगी झाकणाला लावते आहे. हा उलगडा पटायचा असेल तर गोष्टीच्या सुरुवातीला, लाईट जाण्याच्या आधी, एक साधे वाक्य यायला हवे : ‘बाबा चिखलाच्या पायांनी आत आले म्हणून आई त्यांच्यावर ओरडली.’ कुर्ल्यांचे नाव नाही, पण धागा सोडलेला आहे. शेवट कळल्यावर वाचक मागे वळून म्हणतो, ‘अरे, हे तर आधीच सांगितलं होतं!’ यासाठी मुलांकडून शेवट आधी ठरवून घ्यावा आणि सुरुवात नंतर लिहून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. मुले ‘ते स्वप्न होते’ असे लिहितात ते आळसाने नव्हे. रहस्य उभे केले, पण त्यामागे काय आहे हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नसते, म्हणून ती जाग येण्याचा दरवाजा उघडून बाहेर पडतात. आवाजाचे कारण आधीच खिशात असले की त्या दरवाज्याची गरज उरत नाही.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही लिहिता येते. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो यांच्याशी झालेल्या दीर्घ संभाषणात आश्चर्य आणि उत्कंठा यांतला फरक सांगितला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना ठाऊक नसताना तो फुटला, तर त्यांना पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आहे हे आधी दाखवले आणि माणसे टेबलाशी गप्पा मारत बसली, तर प्रेक्षक पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून बसतात. मुलांसमोर बॉम्ब नको, कुर्ल्या पुरेत. टोपाचे झाकण बाजूला सरकले आहे हे वाचकाला आधीच सांगावे, आणि मग अनवाणी पायांनी पाणी प्यायला निघालेल्या धाकट्या भावाला त्या अंधारात सोडावे. वर्गाचे दोन गट करून एकाला पहिली आणि दुसऱ्याला दुसरी पद्धत द्यावी, आणि मग एकमेकांच्या गोष्टी मोठ्याने वाचायला लावाव्यात. ऐकणारी मुले जिथे ‘मग?’ म्हणतील तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगावी. एवढी तपासणी पहिल्या खेपेला पुरते.

शब्दांची उणीव मला फारशी वाटत नाही. अभ्यस्त शब्द, म्हणजे ज्यांत अक्षरे पुन्हा पुन्हा येतात ते, आपण व्याकरणाच्या तासाला पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक असे प्रकार पाडून शिकवतो आणि तिथेच सोडून देतो. खरे तर सळसळ, करकर, खुडबुड, कुजबुज, लुकलुक, मिणमिण या शब्दांची जागा रहस्यकथेतच आहे. दाराआड उभे राहून सुकी पाने चुरगळावीत, डबा हलवावा, दोरी जमिनीवरून ओढावी, आणि वस्तू न दाखवता आवाज लिहायला सांगावे. मुले स्वतःचे शब्द तयार करतात, काही मालवणीतले देतात, ते तसेच राहू द्यावेत. मुलाने घरच्या बोलीत अचूक लिहिलेला आवाज पुसून त्या जागी पुस्तकी शब्द घालू नये, ही कळकळीची विनंती आहे.

आणखी एक सवय मोडायला हवी. आपल्याकडे मुद्द्यांवरून गोष्ट लिहिताना शीर्षक आणि तात्पर्य दिलेच पाहिजे, असे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. रहस्यकथेला तात्पर्यातून सूट द्यावी. कुर्ली टोपात सापडली की गोष्ट संपली. ‘म्हणून कधी घाबरू नये’ हे वाक्य आले की आधीचा सगळा काळोख फुकट जातो. मुद्दे द्यायचेच असतील तर शेवटचे दोन मुद्दे गाळून द्यावेत. वाचनासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. ते 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्यातली एखादी गोष्ट अर्ध्यावर थांबवून ‘पुढे काय झाले असावे?’ असे विचारले, तर लिहिण्याची अर्धी तयारी तिथेच होते.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा नातू नाशिकला आमच्याकडे राहतो. दूरचित्रवाणीवरच्या मालिका पाहून तो खून आणि रक्त यांच्याच गोष्टी लिहितो. त्याला थांबवावे का? शिवाय तो दहा ओळी लिहिल्या की कंटाळतो.

उत्तर : आजोबा, लिहिणे थांबवू नका, रहस्याचा आकार मात्र लहान करा. खून झाला की आठ वर्षांच्या मुलाला पोलीस आणावे लागतात, आणि पोलीस ठाण्यात काय चालते हे त्याला माहीत नसल्याने तो मालिकेतलेच उतरवतो. घरातले रहस्य त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. बंद गच्चीवर ओली पावले कुणाची? झाडावरचा एकच पेरू रोज रात्री अर्धा कोण खातो? दाराबाहेर आपल्या घरातली नसलेली चप्पल आहे आणि घरात तर पाहुणा नाही, मग आत कोण आले आहे? असा एखादा प्रश्न त्याच्यासमोर टाका आणि उत्तर तुम्ही देऊ नका.

कंटाळ्याचे कारण बहुतेक वेळा हात दुखणे हे असते. या वयात कल्पना हाताच्या फार पुढे धावते. त्याने सांगावे आणि तुम्ही लिहावे, त्याच्याच शब्दांत, चुका न सुधारता. मध्ये फक्त ‘मग?’ आणि ‘कसा आवाज आला?’ एवढेच विचारा. लिहिलेले त्याला वाचून दाखवा, म्हणजे कुठे घाई झाली हे त्याचे त्यालाच ऐकू येईल. हा उद्योग दिवसाउजेडी करा आणि त्या बैठकीतच उलगडा होऊ द्या. लहान मुलाला झोपायच्या वेळी न सुटलेले रहस्य देऊ नये. तो आपली गोष्ट मिटक्या मारत वाचून दाखवत असेल तर काळजीचे कारण नाही. तो ती पुन्हा वाचायचे टाळत असेल किंवा रात्री एकटा झोपेनासा झाला असेल, तर काही दिवस रहस्य बाजूला ठेवून मालिका आधी बंद करा.