‘बायवीकली’ लिहिलं आणि घोटाळा झाला

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. परदेशी गिऱ्हाइकाचा माल साधारण दोन आठवड्यांतून एकदा निघतो, दोन दिवस मागेपुढे होतात. मेलमध्ये ‘बायवीकली’ लिहिलं, तर त्यांनी आठवड्यातून दोनदा असा अर्थ घेतला. काय लिहायला हवं होतं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गिऱ्हाइकाचं चुकलं नाही. ‘बायवीकली’चे ‘आठवड्यातून दोनदा’ आणि ‘दोन आठवड्यांतून एकदा’ हे दोन्ही अर्थ शब्दकोशांत आहेत. ‘बायमंथली’चंही तेच. व्यवहाराच्या मेलमध्ये हे दोन्ही शब्द वापरूच नका. ‘फोर्टनाइटली’ (दर दोन आठवड्यांनी) ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे चालतं, अमेरिकन माणूस मात्र त्यावर अडखळतो.

‘अबाउट एव्हरी टू वीक्स’ लिहा. कुणाचाही गोंधळ होणार नाही. गिऱ्हाइकाला साठ्याचा हिशेब ठेवायचा असेल तर त्याहून चांगलं म्हणजे ‘एव्हरी ट्वेल्व्ह टू सिक्स्टीन डेज’, कारण नुसत्या ‘अबाउट’वरून किती मागेपुढे हे कळत नाही. त्याऐवजी ‘ट्वाइस अ मंथ’ लिहू नका. त्या हिशेबाने वर्षाला 24 खेपा होतात, दर दोन आठवड्यांनी 26. वर्षभराच्या ऑर्डरमध्ये दोन खेपांचा फरक म्हणजे भांडणच. ‘युज्वली’ही जपून वापरा. त्यातून ‘बहुतेक वेळा निघतो, एखादी खेप चुकते’ असं ध्वनित होतं, आणि तुम्हाला ते म्हणायचं नाही.

आपल्याकडची हमखास चूक ‘आड’ची. एक दिवसाआड म्हणजे ‘एव्हरी अदर डे’. दोन दिवसांआड म्हणजे मात्र ‘एव्हरी थ्री डेज’. मधले दोन दिवस मोकळे जातात, तिसऱ्या दिवशी काम होतं. तिथे ‘एव्हरी टू डेज’ लिहिलं की कूलंट (मशीन थंड ठेवणारं द्रावण) बदलण्याचं वेळापत्रकच चुकतं. ‘आफ्टर टू डेज’ने तर ‘दोन दिवसांनंतर, एकदाच’ एवढंच कळतं. ‘वीकली ट्वाइस’ऐवजी ‘ट्वाइस अ वीक’ लिहा.

मशीन बंद पडल्याची तक्रार करताना ‘फ्रिक्वेंटली’ किंवा ‘समटाइम्स’वर थांबू नका. ‘थ्री ऑर फोर टाइम्स अ शिफ्ट’ लिहा. दर इतक्या जॉबनंतर (म्हणजे सुट्या भागांनंतर) स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, ट्रिप होऊन बंद पडत असेल तर तेही सांगा : ‘अबाउट वन्स एव्हरी फिफ्टी पार्ट्स’. बिघाड वेळेनुसार येतो की जॉबच्या संख्येनुसार, हे कळलं की सर्व्हिस इंजिनिअरला आधी काय तपासायचं ते ठरवता येतं.