'उष्णतारोधक' नव्हे, 'उष्णतासह'ही नव्हे

'थर्मोफिलिक बॅक्टेरिया'ला, म्हणजे भरपूर उष्णतेतच वाढणाऱ्या जिवाणूंना, मराठीत 'उष्णतारोधक जिवाणू' म्हणावं की 'उष्णतासह', असं एका वाचकांनी विचारलं आहे. दोन्ही नको! 'रोधक' म्हणजे अडवणारा, आणि हे जिवाणू उष्णता अडवत नाहीत. तरी बातम्यांत हाच शब्द पुन्हापुन्हा कानावर पडतो. 'सह' म्हणजे सोसणारा. तसे जिवाणू वेगळे. त्यांना कोमट जागा आवडते, वेळ आली तर ताप सोसतात. थर्मोफाइलना, म्हणजे या थर्मोफिलिक जिवाणूंना, ताप हवाच असतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या गरम झऱ्यातला 'थर्मस ॲक्वाटिकस' हा जिवाणू टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ या संशोधकांनी १९६९ मध्ये जगापुढे आणला. तो ७० अंश सेल्सिअसला सर्वांत जोमाने वाढतो आणि २५ अंशांना वाढतच नाही. मासा पाणी सोसतो असं आपण म्हणतो का? 'उष्णताप्रिय' हा शब्द बरोबर आहे.

पण घरात 'ऊन' असताना 'उष्णता' कशाला? ऊन म्हणजे सूर्यप्रकाश एवढाच अर्थ हल्ली उरलाय, याचं मला फार वाईट वाटतं. 'ऊन ऊन भात', 'ऊन पाणी' यांतला अर्थ मूळचा. उष्ण, उण्ह, ऊन. कृष्णाचा कान्हा आणि तृष्णेची तहान झाली ती हीच वाट. गरम झऱ्यांची गावं पाहा: पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, चोपडा तालुक्यातलं उनपदेव. आणि राजापूरचं उन्हाळे! कोकणात गरम झऱ्यालाच उन्हाळे म्हणतात. ते उन्हाळा या ऋतूवरून आलं असं सांगणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. ऋतूच्या नावात शेवटी 'काल' आहे, उष्णकाल. पावसाळा, हिवाळाही तसेच. झरा मात्र पौषातही कढतच असतो, त्याला ऋतूचं नाव कोण देईल? माझ्या मते हे ऊन पाण्याचं आळं, माडाभोवती करतात तसं. नुसत्या नादसाम्यावर दोन शब्द एकाच मुळाला बांधणं हा आळस आहे.

म्हणून मी 'ऊनप्रिय जिवाणू' सुचवतो. सूर्यप्रकाशाचा घोटाळा होईल, ही हरकत मला मान्य नाही. झऱ्याचं पाणी सुमारे ७३ अंशांच्या वर गेलं की प्रकाशसंश्लेषण थांबतं. तिथले जिवाणू पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजनसारख्या द्रव्यांवर जगतात आणि त्यांच्यावर इतर सूक्ष्मजीव पोसले जातात. सावलीतला कंपोस्टचा ढीगही जिवाणूंच्याच कामाने आतून ६० अंशांपर्यंत तापतो. मग मवाळ जिवाणू मागे पडतात, ऊनप्रिय पुढे येऊन काडीकचऱ्यातला सेल्युलोज फोडतात, आणि त्या तापाने तणाचं बी नि बरेचसे रोगजंतू मरतात. ढिगावर सूर्याची तिरीपही नसते, पण आतलं खत ऊन असतं.