दहा कसोटी, एकच वर्ष

प्रश्न : आमच्या संकुलातील क्रिकेट शिकणाऱ्या मुलांना अ‍ॅबी कुरुविला हे नावही ठाऊक नाही. १९९७ मध्ये भारतीय संघात सतत दिसणारे हे वेगवान गोलंदाज नंतर एकाएकी दिसेनासे का झाले? ते कमी पडले, असे समजायचे का?
– एक पालक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : ते कमी पडले, हे आम्हांला मान्य नाही. केरळमध्ये जन्मलेले, मुंबईकडून रणजी खेळलेले आणि उंचीमुळे चेंडूला चांगली उसळी मिळवणारे कुरुविला कसोटी संघात आले, ते संघाचे प्रमुख वेगवान गोलंदाज जवागल श्रीनाथ यांचा खांदा दुखावला म्हणून. तेव्हा ते २८ वर्षांचे होते. मार्च ते डिसेंबर १९९७ या काळात भारत ज्या दहा कसोटी खेळला, त्या सर्व ते खेळले आणि त्यांत त्यांनी २५ बळी घेतले. एकदिवसीय सामन्यांतही त्यांच्या नावावर २५ सामन्यांत २५ बळी आहेत.

हे आकडे वाचताना त्या वर्षीच्या खेळपट्ट्या आणि पाऊस विसरून चालणार नाही, कारण दहापैकी नऊ कसोटी अनिर्णित राहिल्या. कोलंबोत श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या. आपल्या डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णी यांनी तेथे कसोटीतील पहिल्याच चेंडूवर बळी घेतला खरा, पण त्यानंतर जयसूर्या व महानामा यांनी ५७६ धावांची भागीदारी केली. अशा डावावरून कोणत्याही गोलंदाजाची पारख करणे अन्यायाचे आहे. नागपूरच्या कसोटीत तर पावसामुळे श्रीलंकेची फलंदाजीच झाली नाही.

निकाल लागला तो फक्त वेस्ट इंडीजमधील ब्रिजटाऊनला, आणि तीच कसोटी कुरुविला यांची सर्वांत मोठी कामगिरी ठरली. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात त्यांनी ६८ धावांत ५ बळी घेऊन यजमानांना १४० धावांत रोखण्यात मोठा वाटा उचलला. भारताला विजयासाठी १२० धावा हव्या होत्या, हाती अख्खा डाव होता. तरीही बिशप, अ‍ॅम्ब्रोज आणि रोझ यांच्यापुढे संघ ८१ धावांत बाद झाला. लक्ष्मण यांच्या १९ धावा सोडल्या, तर दोन आकडी धावसंख्या कोणालाही गाठता आली नाही. आम्हांला आजही वाटते की, तो विजय मिळाला असता तर कुरुविला यांच्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी निराळी राहिली असती.

वर्षअखेरीस श्रीनाथ परतले. मायदेशात कुंबळे आणि इतर फिरकीपटूंवर भिस्त असल्याने वेगवान गोलंदाजांना बहुधा दोनच जागा मिळत; १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध श्रीनाथ यांच्या जोडीला तरुण हरविंदर सिंग यांना घेण्यात आले. तिशीकडे झुकलेल्या गोलंदाजासाठी पुन्हा दार उघडले नाही आणि २००० मध्ये त्यांनी निवृत्ती स्वीकारली. २०२० मध्ये ते राष्ट्रीय निवड समितीवर आले.