वाचकांचे प्रश्न : दोस्त राष्ट्रांत वैर कसे आले?

प्रश्न : एप्रिल १९४५ मध्ये एल्ब नदीच्या काठी अमेरिकी आणि सोव्हिएत सैनिक एकमेकांना आनंदाने भेटले आणि अवघ्या तीन वर्षांत बर्लिनवरून याच दोन देशांत युद्ध पेटण्याची वेळ आली. भांडवलशाही आणि साम्यवाद यांचे मुळातच पटणारे नव्हते, म्हणून हे वैर अटळ होते, असे क्रमिक पुस्तकांत सांगितलेले असते. एवढे कारण पुरेसे आहे का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : पुरेसे नाही. विचारसरणीतले अंतर १९१७ पासूनच होते आणि अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती थेट १९३३ मध्ये. तरीही १९४१ नंतर हे दोन देश एकत्र लढले आणि अमेरिकेने सोव्हिएत युनियनला ट्रक, रेल्वे इंजिने, धान्य आणि शस्त्रे मिळून सुमारे ११०० कोटी डॉलरचे साहित्य पुरवले. जे अंतर असूनही युद्धकाळात सहकार्य जमले, तेच १९४५ ते १९४८ या काळात असह्य का झाले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या मते सर्वांत आधी पराभूत जर्मनीत शोधावे लागते.

या युद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. अमेरिकेचे सुमारे ४ लाख सैनिक मृत्युमुखी पडले, पण तिचे कारखाने शाबूत होते आणि युद्धकाळात त्यांची भरभराटच झाली होती. तीस वर्षांत दोनदा जर्मनीशी झुंजावे लागलेल्या स्टालिनला दोन गोष्टी हव्या होत्या : आपल्या सीमेलगतच्या देशांत आपल्या कलाने चालणारी सरकारे आणि उद्ध्वस्त देश उभा करण्यासाठी जर्मनीकडून भरपाई. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या परिषदेत सोव्हिएत पक्षाने भरपाईचा एकूण आकडा २००० कोटी डॉलर धरून त्यातला निम्मा वाटा मागितला. युद्ध संपल्यावर जर्मनीचे आणि सोव्हिएत विभागात येणाऱ्या बर्लिन शहराचेही अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच व सोव्हिएत असे चार विभाग पाडले गेले. मात्र त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमच्या परिषदेत ठरले ते असे, की प्रत्येकाने भरपाई आपापल्या विभागातून घ्यावी आणि पश्चिमेकडील विभागांतील अतिरिक्त यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के धान्य-कच्च्या मालाच्या बदल्यात, तर १० टक्के विनामोबदला सोव्हिएत युनियनला मिळावी. जर्मनी हे एकच आर्थिक क्षेत्र मानावे, असेही याच करारात लिहिलेले होते. ही दोन कलमे एकमेकांना छेद देणारी होती आणि पुढच्या भांडणाचे बी इथेच पडले.

कोळसा-पोलादाचा मोठा साठा असलेले रूऱ्ह खोरे ब्रिटिश विभागात होते, तर धान्य पिकवणारा पूर्वेकडील मुलूख सोव्हिएत ताब्यात होता. पश्चिमेकडील विभागांत निर्वासितांचे लोंढे येत होते आणि त्यांना पोसण्यासाठी ब्रिटनला बाहेरून धान्य आणावे लागत होते. युद्धकाळातही ज्या ब्रिटनमध्ये पावावर रेशनिंग नव्हते, तिथे ते जुलै १९४६ मध्ये लागू झाले, यावरून त्या ओझ्याची कल्पना येईल. एकीकडून यंत्रे सोव्हिएत युनियनला पाठवायची आणि दुसरीकडून त्याच जर्मनांना आपल्या पैशाने जगवायचे, म्हणजे जर्मनीची भरपाई आपलेच करदाते भरणार, असे वॉशिंग्टनला आणि लंडनला वाटू लागले. मे १९४६ मध्ये अमेरिकी विभागाचा कारभार पाहणारे जनरल क्ले यांनी अमेरिकी विभागातून जाणारी यंत्रसामग्री थांबवली आणि १ जानेवारी १९४७ पासून अमेरिकी व ब्रिटिश विभागांचा आर्थिक कारभार एकत्र झाला. मॉस्कोतून पाहणाऱ्याला यात एकच अर्थ दिसत होता : मान्य झालेली भरपाई नाकारून जर्मनीला पुन्हा उभे केले जात आहे.

याचा अर्थ दोष एकट्या पश्चिमेचा होता, असे मुळीच नाही. पोलंडच्या भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांना बोलणीसाठी बोलावून अटक करणे, त्यांच्यावर मॉस्कोत खटला चालवणे आणि जानेवारी १९४७ च्या पोलिश निवडणुकीत उघड दडपशाही करणे, ही स्टालिनची कृत्ये होती. ज्या पोलंडसाठी ब्रिटनने १९३९ मध्ये युद्धात उडी घेतली, त्याचे असे झाल्यावर याल्टातल्या मुक्त निवडणुकांच्या आश्वासनावर कोण विश्वास ठेवणार? सुरक्षेची गरज खरी होती, पण ती भागवण्याची रीत शेजाऱ्यांचे स्वातंत्र्य गिळणारी होती, आणि हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे.

ग्रीसचे उदाहरण बोलके आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तान यांना मदत देणे आपल्याला यापुढे झेपणार नाही. १२ मार्चला अध्यक्ष ट्रूमन यांनी अमेरिकी संसदेकडे ४० कोटी डॉलर मागितले आणि दडपणाखालील स्वतंत्र राष्ट्रांना पाठिंबा देण्याचे धोरण जाहीर केले. ग्रीक सरकारविरुद्ध लढणाऱ्या साम्यवादी बंडखोरांमागे मॉस्कोचा हात आहे, असे तेव्हा गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात त्यांचा मुख्य पाठीराखा युगोस्लाव्हियाचा साम्यवादी नेता टिटो होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये चर्चिलशी झालेल्या वाटणीत स्टालिनने ग्रीस ब्रिटनच्या प्रभावाखाली सोडला होता, आणि १९४८ च्या सुरुवातीस त्याने युगोस्लाव्ह नेत्यांना ते बंड आवरायला सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये टिटोची साम्यवादी गटातून हकालपट्टी झाली. साम्यवादी जगात एकाच सूत्रधाराची इच्छा चालते, हा समज तेव्हापासून चुकीचा होता आणि पुढे त्याची किंमत अनेक देशांनी मोजली.

तरीही युरोपची फाळणी कधी पक्की झाली, असे विचाराल, तर मी जुलै १९४७ चा पहिला पंधरवडा सांगेन. अमेरिकी परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी ५ जूनला हार्वर्ड येथे युरोपच्या पुनर्बांधणीसाठी मदतीची घोषणा केली होती आणि तीत सोव्हिएत युनियनला वगळलेले नव्हते. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह सल्लागारांचा मोठा ताफा घेऊन पॅरिसला आलेही. पण मदतीसाठी प्रत्येक देशाने आपल्या अर्थव्यवस्थेचा हिशेब इतरांपुढे मांडायचा आणि जर्मनीलाही या योजनेत घ्यायचे, हे दिसताच ते २ जुलैला निघून गेले. चेकोस्लोव्हाकियाने आमंत्रण स्वीकारले होते; त्यांच्या नेत्यांना मॉस्कोत बोलावून ते नाकारायला लावण्यात आले. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागची सत्ता पूर्णपणे साम्यवाद्यांच्या हाती गेली आणि अमेरिकी संसदेतला मार्शल योजनेला असलेला उरलासुरला विरोध त्यामुळे ढासळला. चार वर्षांत पश्चिम युरोपला सुमारे १३०० कोटी डॉलर मिळाले.

शेवटचा घाव चलनाचा. जुन्या जर्मन मार्कची किंमत इतकी घसरली होती, की बाजारात अमेरिकी सिगारेट पैशासारखी चाले. २० जून १९४८ रोजी पश्चिमेकडील तीन विभागांत नवा मार्क आला, माणशी ४० मार्क लगेच वाटले गेले आणि दडवून ठेवलेला माल रातोरात दुकानांत दिसू लागला. बाद झालेल्या जुन्या नोटा पूर्वेकडे लोटतील, म्हणून सोव्हिएत विभागाने २३ जूनला आपले वेगळे चलन काढले आणि ते संपूर्ण बर्लिनला लागू केले. पाश्चात्त्यांनी ते न मानता आपल्या ताब्यातील बर्लिनमध्येही नवा मार्क आणला. २४ जूनला पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे सोव्हिएत सैन्याने बंद केले.

प्रश्न : पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी सोव्हिएत विभागाने वेढलेले होते. नाकेबंदीनंतर पाश्चात्त्यांनी तिथे विमानांनी माल पुरवला. मग जमिनीवरची वाट अडवणाऱ्यांनी विमाने का अडवली नाहीत? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : जमिनीवरून जाण्याच्या हक्काबद्दल चार सत्तांमध्ये लेखी करार नव्हता; हवाई मार्गांबद्दल मात्र नोव्हेंबर १९४५ चा करार होता आणि त्यात तीन मार्ग ठरवून दिलेले होते. रस्ता 'दुरुस्तीसाठी' बंद ठेवता येतो. विमान अडवायचे, तर ते पाडावेच लागते, आणि पाडले की युद्ध. अणुबॉम्ब तेव्हा फक्त अमेरिकेकडे होता. शिवाय वीस लाखांहून अधिक लोकांचे शहर हिवाळाभर हवेतून पोसता येईल, यावर सुरुवातीला फारसा कोणाचा विश्वास नव्हता, त्यामुळे वाट पाहणे स्टालिनला सोयीचे वाटले असावे.

तो अंदाज चुकला. मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठली आणि सप्टेंबरअखेर पुरवठा थांबला, तोवर सुमारे २३ लाख टन माल पोहोचला होता. त्यात सर्वांत मोठा हिस्सा धान्याचा नसून कोळशाचा होता. टेगेलची नवी धावपट्टी हजारो बर्लिनकरांनी, त्यांतही मोठ्या संख्येने स्त्रियांनी, तीन महिन्यांत बांधली. पश्चिम जर्मन राज्य होऊ नये, हा नाकेबंदीचा हेतू होता. घडले ते उलट. एप्रिल १९४९ मध्ये नाटो, मे महिन्यात पश्चिम जर्मनी आणि ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनी अस्तित्वात आले.

प्रश्न : कोरियातील युद्धाशी जनरल थोरात यांचा संबंध होता असे ऐकले आहे. तो कोणता? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत अणुचाचणी आणि ऑक्टोबरमध्ये चीनमधील साम्यवादी सत्तांतर झाल्यानंतर अमेरिका-सोव्हिएत संघर्ष आशियात उतरला, आणि २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या आक्रमणाने तो रणांगणावर आला. तेथील युद्धबंदीची बोलणी दीर्घकाळ अडली ती कैद्यांवरून : मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्यांना बळाने पाठवावे की नाही? दोन्ही गटांना चालेल असा देश म्हणून भारताकडे अशा कैद्यांना सांभाळण्याची जबाबदारी आली. १९५३ मध्ये त्यांच्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे होते आणि अशा २२ हजारांहून अधिक कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांनी केले. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले, तेव्हा थोरात गोळीबाराचा हुकूम न देता स्वतः त्यांच्या तळात गेले आणि त्याला सोडवून आणले. बहुसंख्य कैदी अखेर दक्षिण कोरियात किंवा तैवानला गेले. ८० हून अधिक जणांनी मात्र दोन्ही बाजू नाकारल्या; ते १९५४ मध्ये भारतीय दलाबरोबर भारतात आले आणि त्यांतले बरेच पुढे ब्राझील व अर्जेंटिनात स्थायिक झाले.