पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) चर्चमध्ये फादर लोकांचे पाय का धुतात?

येशूने शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून. योहानाच्या शुभवर्तमानात, १३व्या अध्यायात, हा प्रसंग सविस्तर आहे: तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो. धुळीने माखलेले पाय धुणं हे तेव्हा घरच्या दासाचं काम, म्हणून तर पेत्र हा शिष्य आधी चक्क नको म्हणतो. मी केलं तसं तुम्हीही करा, हे येशूने तिथेच सांगितलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली हा विधी रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात केला. ज्यांचे पाय धुतले त्या बारा जणांत मुली आणि मुसलमानही होते. कॅथलिक नियमांत स्त्रियांना जागा मात्र २०१६मध्ये मिळाली, उशीरच म्हणायचा. अर्थात हा विधी सक्तीचा नाही, आणि बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये तो होतही नाही.