दुरुस्तीला कोण जाणार?

पोरी,

तुझं सादरीकरण वाचलं. तीन जिल्हे, वर्षात गोबर गॅसची हजार संयंत्रं, शिवाय मोबाइलवर गॅसचा दाब दाखवणारं ॲप. गुंतवणूकदार म्हणतो विस्तार दाखव, आणि पैसे घेऊ की थांबू हे तू मला विचारतेस. मी उलट विचारतो: दुरुस्तीला कोण जाणार?

चार-पाच जनावरं, रोज 50 किलो शेण, तेवढंच पाणी, दोन घनमीटर गॅस. हा हिशेब तुला पाठ आहे. पण गॅस दमट असतो. पाइप जिथे झोळ खातो तिथे पाणी साचतं, ज्योत फडफडते आणि विझते. खालचा कॉक सोडून वाटीभर पाणी काढलं की शेगडी पुन्हा निळी. पाच मिनिटांचं काम! मात्र कॉक कुठे बसवलाय हे ठाऊक असलेला गवंडी एव्हाना दुसऱ्या तालुक्यात. बाई दोन दिवस वाट बघते, मग चुलीत सरपण सारते. टाकीत शेण जायचं थांबतं, वर साय धरते, आणि गावभर होतं, ‘गोबर गॅस काही चालत नाही.’ पुढची गिऱ्हाइकं त्याच अंगणातून परत जातात. तुझं ॲप दाब दाखवेल गं, कॉक कोण सोडणार?

नेपाळकडे बघ. 1992 साली डच मदतीने तिथे बायोगॅसचा कार्यक्रम सुरू झाला. बांधायचं काम खासगी कंपन्यांकडेच होतं, पण आराखडा ठरलेला, नमुना तपासणी, खोट निघाली तर दंड, आणि बांधल्यानंतरची सेवा सक्तीची. धंदाही झाला आणि लाखांवर घरांत संयंत्रंही गेली. आपल्याकडे 1981-82 पासून राष्ट्रीय योजना आहे, अनुदान आहे, उद्दिष्टं आहेत. मार्चअखेर आकडा पुरा होतो. पुढे त्या घरी फिरकतो कोण?

मी एकदा मोठं काम नाकारलं होतं. ज्यांनी घेतलं त्यांचे आज बंगले आहेत. रुखरुख लागते, खोटं कशाला बोलू? महत्त्वाकांक्षा नाही म्हणून घरच्यांनीही ऐकवलं. पण माझा मिस्त्री सकाळी निघून दुपारी घरी येईल एवढंच माझं कार्यक्षेत्र होतं आणि त्यात विकत घेणारा माणूस मला रस्त्यात तोंड चुकवत नव्हता, मीही त्याला नाही. यालाही धंदाच म्हणतात. तुझ्या गुंतवणूकदाराला पटो न पटो.

पैसे घे, नको कोण म्हणतंय? पण एकाच तालुक्यापुरते. तीन वर्षांच्या फेऱ्यांचा खर्च पहिल्या किमतीतच धर. ‘सेवा नंतर बघू’ म्हणालीस तर मला पुन्हा फोन करू नकोस. त्याच भागातला गवंडी पगारावर ठेव, त्याला गाडी दे, आणि प्रत्येक घरातल्या बाईकडून एकदा तो कॉक स्वतः सोडवून घे. नवऱ्याकडून नाही, तिच्याकडून.

मिस्त्री नक्की झाला की कळव. तोवर बोधचिन्हाचे नमुने पाठवू नकोस, मला त्यातलं काही कळत नाही.