१९७१ च्या जखमेचं पेन्शन: थकबाकी किती मागची मिळते?

ताई, तुमचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९७१ च्या लढाईत पायाला गोळी लागली, १९७४ ला बोर्डआउट झाले (म्हणजे मेडिकल बोर्डानं अपात्र ठरवून सेवेतून काढलं) आणि अपंगत्वाचं पेन्शन आजवर सुरूच झालं नाही. पन्नास वर्षांची थकबाकी मिळेल की मुदत कधीच उलटली, असं तुम्ही विचारलंय.

हक्क मेलेला नाही. पेन्शन दर महिन्याला देय असतं, म्हणून ते न देणं हा चालू राहिलेला अन्याय धरतात. थकबाकीचं मात्र वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तर्सेम सिंग निकालातला जवान १९८३ ला बोर्डआउट झाला आणि कोर्टात गेला १९९९ ला. थकबाकी मिळाली ती याचिकेच्या आधीच्या साधारण ३ वर्षांचीच. मधली जवळपास १३ वर्षं बुडाली. अशा दाव्यांत सरकारी वकील हाच निकाल पुढं करतात. मला हे अजिबात पटत नाही. जखमी जवानाच्या हातात डिस्चार्ज बुक देऊन त्याला गावी धाडताना तुझा काय हक्क आहे, हे सांगणं सरकारचंच काम होतं.

तरी अर्जात मागणी १९७४ पासूनचीच लिहा. आपणहून ३ वर्षांवर येऊ नका.

आता खरी घाई तारखेची. ही ३ वर्षं दावा दाखल केल्यापासून मागं मोजतात, म्हणजे जितके महिने उशीर तितक्या महिन्यांचे पैसे गेले. आधी पत्र, मग स्मरणपत्र, मग मंत्र्यांना निवेदन, यातच आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची वर्षं गेली. पत्रव्यवहारानं मुदत थांबत नाही. खात्यानं उत्तर दिलं म्हणून जुनी मागणी ताजी होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच सी. जेकब प्रकरणात सांगितलंय.

रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला एकच सविस्तर अर्ज पाठवा, पोचपावती जपा. नकार आला तर तिथून ६ महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जायचं. उत्तरच आलं नाही तर ६ महिने वाट पाहून त्यापुढच्या ६ महिन्यांत. जुना नकार घरात सापडला तर न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम २२ खाली विलंब माफीचा अर्ज सोबत लावतात.

‘कागदपत्रं नष्ट केली’ असं उत्तर येण्याची तयारी ठेवा. पेन्शन नसलेल्या जवानांचे सर्व्हिसचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात, पण लाँग रोल, म्हणजे जवानांच्या नोंदींचं मूळ रजिस्टर, कायम ठेवतात. माहिती अधिकारात त्याचा उतारा मागा. घरच्या डिस्चार्ज बुकचं पान न् पान स्कॅन करा. डिस्चार्जचं कारण आणि मेडिकल कॅटेगरी ज्या पानावर आहे ते आधी. ट्रंकेत वूंड मेडल (लढाईत जखमी झाल्याबद्दलचं पदक) असेल तर त्याचाही फोटो काढा.

तुम्ही जोडलेली अमेरिकेतल्या सोटो निकालाची बातमी खरी आहे. जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं लढाईशी निगडित अपंगत्वाच्या खास भरपाईला ६ वर्षांची मर्यादा लागत नाही असं ठरवलं. पण तो तिथल्या एका कायद्याचा अर्थ आहे, मुंबईत त्यावर भिस्त ठेवू नका.

अर्ज वडिलांच्याच सहीनं जाऊ द्या, आणि याच आठवड्यात. लाँग रोलसाठी अडून बसू नका, उतारा नंतर जोडता येतो.